पूर ओसरल्यावर येणारा पैसा

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी शहरांतल्या पुराकरिता २,५०० कोटी रुपये वेगळे काढले आणि सात शहरे निवडली. मुंबई, चेन्नई आणि कोलकात्याला प्रत्येकी ५०० कोटी. बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुण्याला प्रत्येकी २५० कोटी. पुढे दुसऱ्या टप्प्यात आणखी ११ शहरांची यादी आली. त्यात इंदूर आहे, पाटणा आहे, गुवाहाटी आहे, रायपूर आहे. नाशिक दोन्ही याद्यांत नाही.

अशा बातमीवर आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते. मुंबई-पुण्याला सगळे मिळते, नाशिकच्या वाट्याला आश्वासने. मग कोणता आमदार कमी पडला, पालकमंत्री कोण, असता तर काय झाले असते, यावर चार दिवस चर्चा रंगते. तक्रार खोटी नाही. पण उद्या तिसरी यादी निघून त्यात नाशिकचे नाव आले, तरी मूळ दुखणे जाणार नाही. यादीतला पैसा एकदाच येतो आणि ठरलेल्या कामांवर संपतो. ज्या पैशावर नाशिक महापालिकेचा, मालेगाव महापालिकेचा, त्र्यंबकेश्वर नगर परिषदेचा किंवा चांदोरी ग्रामपंचायतीचा दरवर्षी हक्क असायला हवा, तो राज्याच्या तिजोरीत आधीपासूनच आहे. तो खाली येतो तेव्हा बहुतेक वेळा पूर ओसरलेला असतो.

आकडे पाहू. आपत्तीसाठी राज्यस्तरावर जो निधी उभा राहतो, त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. तो कसा वापरायचा हे याच पंधराव्या वित्त आयोगाने सांगून ठेवले आहे. शंभर रुपयांतले ४० तातडीच्या मदतीसाठी, ३० पुनर्उभारणीसाठी, १० पूर्वतयारी आणि क्षमतावृद्धीसाठी. हे झाले ८०. उरलेले २० धोका मुळातच कमी करणाऱ्या कामांसाठी, म्हणजे सरकारी भाषेतल्या सौम्यीकरणासाठी. थोडक्यात, शंभरातले ३० रुपये आपत्ती येण्यापूर्वी खर्च व्हायला हवेत. २०२१-२२ साली महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली एकूण रक्कम सुमारे ४,२९६ कोटी होती, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. त्यातले दहा टक्के म्हणजे साधारण ४३० कोटी. ३६ जिल्ह्यांना सरळ भागले तर जिल्ह्यामागे सरासरी १२ कोटी निघतात, आणि तेही फक्त पूर्वतयारीच्या खात्यातले.

या बारा कोटींवर नाव कोणाचे? कोणाचेच नाही. महापालिकेला, नगर परिषदेला किंवा ग्रामपंचायतीला यातून अमुक इतके मिळणारच, अशी ओळ कुठे नाही. प्रस्ताव करायचा, जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा, तिथून तो विभागीय आयुक्तांकडे, तिथून मंत्रालयात, आणि मग शासन निर्णयाची वाट पाहायची. प्रस्ताव करायला माणूस लागतो, नकाशे लागतात, अंदाजपत्रक लागते. मोठ्या महापालिकेकडे हे थोडेफार असते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या ग्रामपंचायतीकडे एक ग्रामसेवक असतो आणि त्याच्याकडे अनेकदा शेजारच्या गावाचाही कार्यभार असतो.

याउलट नुकसानभरपाईचे नियम गावोगाव पाठ आहेत. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. ३३ टक्क्यांहून जास्त पीक गेले की पात्र. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. मृताच्या वारसाला चार लाख. निफाडच्या कोणत्याही पारावर बसा, हे दर तुम्हाला द्राक्षबागायतदार तोंडपाठ म्हणून दाखवील, राज्याने कधी ते वाढवले, किती हेक्टरपर्यंत वाढवले, कधी परत उतरवले, यासकट. त्याच पारावर विचारा की गावात पूर येण्याआधी खर्च करायला शासनाकडून किती मिळते. कोणालाच सांगता येणार नाही, कारण सांगण्यासारखे काही नाही.

नुकसानभरपाई नको, असे माझे म्हणणे नाही. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री निफाड तालुक्यात गारा पडल्या तेव्हा ज्याची बाग झोपली, त्याला सौम्यीकरणाचे धडे देणे ही क्रूर थट्टा ठरली असती. त्याला पैसेच हवे होते, तेही लवकर. पण सगळी यंत्रणा याच एका कामाभोवती घडत गेली. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांचा आपत्तीशी संबंध येतो तो पंचनाम्याच्या फॉर्मपुरता. आणि वाहून न गेलेल्या घराचा पंचनामा होत नाही.

कायद्याने कोणाच्या गळ्यात काय घातले आहे, तेही बघण्यासारखे आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या ४१ व्या कलमात स्थानिक संस्थांची कर्तव्ये आहेत. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, साधनसामग्री कायम वापरण्याजोगी ठेवा, हद्दीतली बांधकामे ठरलेल्या निकषांत बसतात की नाही ते पाहा, मदत आणि पुनर्वसनाचे काम करा. ४८ व्या कलमात पैशांची सोय होती. राज्याचा प्रतिसाद निधी, जिल्ह्याचा प्रतिसाद निधी, राज्याचा सौम्यीकरण निधी, जिल्ह्याचा सौम्यीकरण निधी. कर्तव्य स्थानिक संस्थेचे आणि निधी राज्याचा किंवा जिल्ह्याचा. या दोन कलमांमध्ये सात आकड्यांचे अंतर आहे, प्रत्यक्षात ते नाशिक ते मंत्रालय इतके आहे.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. लोकांनी निवडलेला माणूसही तिथे असावा म्हणून कायद्याने जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला सहअध्यक्ष केले आहे. कल्पना चांगली. पण नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर वर्षानुवर्षे तिथे प्रशासक होता. महापालिकेचेही तेच झाले. म्हणजे इतकी वर्षे जिल्ह्याचा आपत्ती आराखडा अधिकाऱ्यांनी केला, अधिकाऱ्यांनीच तपासला आणि अधिकाऱ्यांनीच मंजूर केला. गावाच्या बाजूने, 'साहेब, या रस्त्याला पूर आला की पलीकडची वस्ती तुटते' असे म्हणायला त्या खुर्चीत कोणी नव्हते.

याच कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. ही सुधारणा मला मनापासून पटते. शहराच्या नाल्यात कुठे कचरा अडतो हे आयुक्तांच्या माणसांना कळते, जिल्हाधिकाऱ्यांच्या माणसांना नाही. पण प्राधिकरण झाले म्हणजे पैसा आला असे नाही. आयुक्तांना बैठकीचे अध्यक्षपद मिळाले, तिजोरीची किल्ली जिथे होती तिथेच आहे.

आता गोदावरीकडे येऊ, कारण हा सगळा घोळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो गंगाघाटावर, म्हणजे नाशिकमधल्या गोदावरीच्या घाटावर.

गंगापूर धरण शहरापासून जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरवर. धरण जलसंपदा विभागाचे. दरवाजे किती उघडायचे, किती वाजता, किती क्युसेकने (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी), हे तो विभाग ठरवतो. पूररेषाही तोच विभाग आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी द्यायची की नाकारायची, हे काम महापालिकेच्या नगररचना विभागाचे. घाटाचे सुशोभीकरण स्मार्ट सिटी कंपनीने हातात घेतले. नागरिकांना सावध करणे हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियंत्रण कक्षाचे काम. आणि रात्री अडीच वाजता सराफ बाजारातल्या दुकानदाराला शटर उघडून माल वर चढवायला मदत करणारा माणूस असतो अग्निशमन दलाचा, म्हणजे पुन्हा महापालिकेचा. नदी एक आणि तिचे कारभारी पाच.

पावसाळ्यात मोबाइलवर एक संदेश फिरतो. गंगापूर धरणातून दुपारी अमुक वाजता विसर्ग वाढवून इतके हजार क्युसेक करण्यात येणार आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. संदेश वेळेवर येतो, त्याबद्दल जलसंपदा विभागाला पूर्ण गुण. पण क्युसेक म्हणजे माझ्या दारात किती पाणी? ते त्यात नसते. म्हणून नाशिककर आजही घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे बघतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे, छातीला लागले. मारुतीच्या अंगावरची प्रत्येक खूण म्हणजे कोणत्या गल्लीत पाणी शिरणार याचा पिढ्यानपिढ्या तपासलेला तक्ता आहे. भांडी बाजारातला व्यापारी त्यावर माल हलवतो. १९६९ चा पूर, १९ सप्टेंबर २००८ चा पूर, २ ऑगस्ट २०१६ चा, ४ ऑगस्ट २०१९ चा, हे सगळे लोकांनी मारुतीच्या मापाने लक्षात ठेवले आहेत. यात श्रद्धेइतकाच व्यवहारही आहे.

सरकारी यंत्रणेने हेच काम आधुनिक साधनांनी करायला हवे होते. होळकर पुलाखालून इतका विसर्ग असेल तर पंचवटीतल्या कोणत्या रस्त्यावर, कोणत्या घराच्या जोत्यापर्यंत पाणी येते, याचा नकाशा. त्या नकाशाप्रमाणे विजेच्या खांबांवर, दुकानांच्या भिंतींवर रंगवलेले पट्टे. यासाठी विसर्गाची आकडेवारी आणि नदीपात्राचे छेद जलसंपदा विभागाकडे आहेत, रस्त्यांच्या पातळ्या महापालिकेकडे आहेत. दोन्ही एकत्र करायला फार मोठी रक्कम लागत नाही, एखाद्या उड्डाणपुलाच्या निविदेपुढे ती नगण्य ठरेल. पण ती रक्कम कोणाच्याच अंदाजपत्रकात हक्काने बसत नाही. जलसंपदा म्हणणार शहर आमचे नाही, महापालिका म्हणणार नदी आमची नाही.

शिवाय धरणाचा एकही दरवाजा न उघडता शहरात पाणी शिरू शकते. धरणाच्या खाली पडलेला पाऊस नंदिनी, वाघाडी आणि सरस्वती नाल्यातून थेट गोदावरीत येतो. सरस्वती नाला तर सराफ बाजाराच्या पोटातून, झाकलेला, वाहतो. तासाभराचा मुसळधार पाऊस झाला की जुन्या नाशकातली सोन्याची दुकाने गढूळ पाण्यात उभी. या पाण्याचा इशारा कोणताही विसर्ग-संदेश देऊ शकत नाही. त्यासाठी शहरात जागोजागी पर्जन्यमापक हवेत, तेही नियंत्रण कक्षाला दर दहा-पंधरा मिनिटांनी आकडा कळवणारे. राज्याने महावेध प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली, ते चांगलेच काम झाले. पण ती शेतीसाठी आणि पीकविम्यासाठी मांडलेली आहेत. शहरातल्या नाल्याचा विचार त्यांच्या रचनेत नाही. डोंगराळ तालुक्यांतही हीच अडचण. इगतपुरीत घाटमाथ्यावर एक पाऊस असतो आणि त्याच मंडळात चार कोसांवर दुसराच.

नाशिकचे पाणी पुढे जाते त्याची कथा आणखी वेगळी. गोदावरीला खाली दारणा मिळते, पुढे कादवा. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबले की निफाड तालुक्यातल्या सायखेडा आणि चांदोरीत ते मागे पसरते. शहरात पूर उतरायला लागतो तेव्हा तिथे चढत असतो. या गावांना पुराची इतकी सवय आहे की पट्टीचे पोहणारे तरुण पहाऱ्याला बसतात, वयस्कर माणसे आणि जनावरे आधी हलवतात, शाळेत चूल पेटते. यांना राज्य यंत्रणेचा आधार काय? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेतून काही तरुणांना प्रशिक्षण आणि किट मिळते. मोठ्या पुरात धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दल येते, पुण्याहून राष्ट्रीय दलाची तुकडी येते. ही मदत खरी आहे आणि तिने माणसे वाचवली आहेत. पण धुळ्याहून गाडी निघून सायखेड्याला पोहोचेपर्यंतचे तास गावाचे स्वतःचे असतात. त्या तासांसाठी लागते एक सुस्थितीतली बोट, तिच्या इंजिनाचे डिझेल, दर दोन-तीन वर्षांनी बदललेली लाइफ जॅकेट आणि ती बोट वर्षातून चार वेळा पाण्यात उतरवून पाहणारा कोणीतरी.

ग्रामपंचायतीने हे स्वतःच्या पैशातून करावे, असे म्हणणे सोपे आहे. पंधराव्या वित्त आयोगाचे जे अनुदान तिला मिळाले त्यातले ६० टक्के पिण्याच्या पाण्याला आणि स्वच्छतेला बांधलेले. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्ता, दिवाबत्ती, अंगणवाडीची गळकी छपरे आणि गावातले राजकारण. दहा वर्षांतून दोनदा लागणाऱ्या बोटीच्या डिझेलसाठी ग्रामसभेत हात वर करणारा सरपंच पुढच्या निवडणुकीत पडतो.

महापालिकेची अवस्था बाहेरून वाटते तितकी सुखाची नाही. जकात होती तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रोजच्या रोज रोख येत होती. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून राज्य सरकार या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देते, कायद्याने दरवर्षी ८ टक्के वाढवून. रक्कम नियमित येते. मात्र महापालिकेच्या उत्पन्नाचा एवढा मोठा हिस्सा मंत्रालयातून येऊ लागल्यावर शहराच्या प्राधान्यक्रमावरही मंत्रालयाचा हात येतो. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या खर्चात वाटा किती उचलायचा यावरून राज्य आणि महापालिकेत होणारी ओढाताण नाशिककरांना नवी नाही.

आगीबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावजवळच्या कारखान्याला लागलेली आग आठवा. बंब नाशिकहून आणि आजूबाजूच्या ठिकाणांहून बोलवावे लागले. कारखाना ग्रामपंचायत हद्दीत, कर ग्रामपंचायतीला, पण आग विझवायला ग्रामपंचायतीकडे बादलीपलीकडे काही असण्याची कोणाची अपेक्षाही नाही. केंद्राने जुलै २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली, महाराष्ट्रासारख्या राज्यांनी त्यात २५ टक्के घालायचे. बंब येतील. त्यांवर चढणारी माणसे कोणत्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, बसणार आणि त्यांचा पगार कोण देणार, ही बाब स्थानिक संस्थेवर सोडलेली. ती पदे रिक्त राहण्याची परंपरा जुनी आहे.

आता दुसरी बाजू, कारण तिच्यात दम आहे. मंत्रालयातला अधिकारी म्हणेल, तुम्ही ज्या महापालिकेच्या हातात पैसे द्यायला सांगता, तिनेच नाल्यांवर बांधकामे होऊ दिली. तिच्याच डोळ्यांदेखत नंदिनीचे पात्र दोन्ही बाजूंनी आवळत गेले. गोदापात्रातले काँक्रीट काढायला लोकांना उच्च न्यायालयात जावे लागले. अशा संस्थेला पूर्वतयारीचा निधी दिला तर पावसाळ्याआधी नालेसफाईच्या नावाखाली गाळाच्या कागदी ट्रका फिरतील आणि जॅकेटांची खरेदी दुप्पट दराने होईल.

हे सगळे घडू शकते. मला तर वाटते पहिल्या वर्षी घडेलच. पण याच युक्तिवादाने राज्याने स्थानिक संस्थांच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतली आहे आणि राज्याच्या हातात ती सुधारल्याचा पुरावा फारसा नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी हे पदच पाहा. ज्या माणसाने जिल्ह्याचा आराखडा करायचा, प्रशिक्षणे घ्यायची, पावसाळ्यात चोवीस तास कक्ष सांभाळायचा, ते पद राज्यातल्या बहुतांश जिल्ह्यांत वर्षानुवर्षे कंत्राटी राहिले. पुढचे कंत्राट मिळेल की नाही या चिंतेतला माणूस जलसंपदाच्या अधीक्षक अभियंत्याला फोन करून 'विसर्ग दोन तास आधी कळवा' असे ठणकावून सांगेल, ही अपेक्षा राज्य सरकारने कोणत्या तोंडाने ठेवायची? अपात्रता दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की महापालिकेची चूक नाशिककराला दिसते आणि तो नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडू शकतो. मंत्रालयात अडकलेली फाइल त्याला दिसतही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. पूर्वतयारीच्या त्या दहा टक्क्यांतला अर्धा हिस्सा राज्याने दरवर्षी एप्रिलमध्ये, प्रस्ताव न मागता, सूत्राने स्थानिक संस्थांना द्यावा. २०२१-२२ च्या आकड्यावर ही रक्कम राज्यभरात सुमारे २१५ कोटी होते, जिल्ह्यामागे सरासरी सहा कोटी. नाशिकला तालुके पंधरा, महापालिका दोन, ग्रामपंचायती तेराशेहून अधिक, तेव्हा सूत्रात लोकसंख्या आणि धोका दोन्ही धरले तर थोडे जास्त येतील. सहा-सात कोटींत पूरभिंत होत नाही आणि होऊही नये. पण खांबांवरचे पातळीपट्टे, नाल्यांवरचे पर्जन्यमापक, चार बोटींची देखभाल, घाटमाथ्यावरच्या पाड्यांना वीज पडण्याचा इशारा देणारे भोंगे आणि यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेतून नीट शिकून आलेली दोन-चार कायम माणसे, एवढे नक्की होते.

आणि हा पैसा सैल सोडू नये. अटी मोजक्या, पण तपासता येतील अशा असाव्यात. पूररेषा सर्व्हे नंबरनिहाय वॉर्ड कार्यालयात आणि तलाठी सजावर लावलेली आहे का? ३१ मेपूर्वी रंगीत तालीम झाली का, आणि तिच्यात काय फसले ते लिहून जाहीर केले का? 'तालीम यशस्वी' एवढाच अहवाल असेल तर ती झालीच नाही असे समजावे. निळ्या रेषेच्या आत गेल्या वर्षात किती परवानग्या दिल्या? तो आकडा शून्य नसेल तर पुढचा हप्ता थांबवा. स्थानिक निधी लेखापरीक्षा दरवर्षी होतेच, तिच्यात बोट पाण्यात उतरवून पाहण्याचा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? कागदावरच्या बोटींना ही एकच परीक्षा पुरेशी आहे.

अटी एकाच बाजूने नकोत. राज्यानेही काही बांधील राहावे. धरणांच्या विसर्गाचा निर्णय झाला की तो अंमलात येण्याआधी किमान ठरावीक तास खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला कळलाच पाहिजे, आणि नाही कळला तर का, याची नोंद जलसंपदाने द्यावी. नदीच्या पातळ्यांची आणि पावसाची आकडेवारी लोकांना थेट दिसावी, माहिती अधिकारात अर्ज करून दोन महिन्यांनी नव्हे. आणि सौम्यीकरणाच्या वीस टक्क्यांतून कोणत्या जिल्ह्याला किती आले याचा तक्ता दरवर्षी विधिमंडळात ठेवावा. कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा कार्यक्रम उभा राहिला, कोकणासाठीही स्वतंत्र आराखडा झाला. चांगलेच झाले. गोदावरीच्या उगमाजवळचा जिल्हा त्या रांगेत कुठे उभा आहे, हे पाहण्याचा अधिकार नाशिककराला असावा.

नाशिकपुरती एक संधी आत्ता समोर आहे आणि ती हातची जाईल अशी भीती वाटते. सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. २०१६ चा पूर २ ऑगस्टचा होता, २०१९ चा ४ ऑगस्टचा. तिथी पंचांगाने ठरतात, त्याला इलाज नाही, पण भर पावसाळ्यात लाखो माणसे रामकुंडाच्या पायऱ्यांवर उतरणार आहेत एवढे आधीपासून माहीत आहे. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली. तिथून शिकून २०१५ ला शाही मार्ग बदलला, गर्दीचे नियोजन सुधारले. शिकता येते, हे नाशिकने दाखवलेले आहे. या वेळी राज्याने २०२५ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण केले, विभागीय आयुक्त त्याचे अध्यक्ष. पैसा येईल, कॅमेरे येतील, नियंत्रण कक्ष उभा राहील, बोटी आणि जीवरक्षक येतील, गोदावरीची पातळी मिनिटामिनिटाला दाखवणारे पडदे लागतील. वर मी जे जे मागितले ते जवळजवळ सगळे कुंभाच्या निमित्ताने विकत घेतले जाईल.

पण प्राधिकरण तात्पुरते आहे आणि कुंभाची सांगता २४ जुलै २०२८ ला होते. त्यानंतर हे सगळे कोणाचे? पंचवटीतला कक्ष महापालिकेच्या ताब्यात गेला तर तिथे बसणाऱ्या माणसांची पदे आकृतिबंधात मंजूर लागतील. त्र्यंबकेश्वर नगर परिषदेसारख्या लहान संस्थेला तर कॅमेऱ्यांचे वीजबिलही जड जाईल, मग ब्रह्मगिरीच्या पायथ्याला दरड कोसळली तर कोणता पडदा बघायचा? प्राधिकरणाची खरेदी सुरू असतानाच, प्रत्येक मोठ्या उपकरणाच्या मंजुरीत पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च, तो उचलणारी संस्था आणि त्यासाठी राज्याच्या पूर्वतयारी निधीतून येणारी रक्कम, अशा तीन ओळी घालता येतात. शासन निर्णय काढायला एक सही लागते, आणि ती सही आत्ता, निविदा निघण्याआधी, मागायला हवी. नाशिकच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढा एक प्रश्न लेखी उत्तरासाठी लावावा.